राखेतली आणि पांढरीतली

पाँपेईच्या रस्त्यांना चाकोऱ्या आहेत. काळ्या ज्वालामुखी दगडाच्या जाडजूड फरश्या, आणि त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पिढ्यानपिढ्या घासून कोरलेल्या दोन खोल रेघा. सकाळचे तिरपे ऊन पडले की एका रेघेत सावली साचते, दुसरी उजळून निघते, आणि रस्ता ओलांडण्यासाठी मध्ये रोवलेल्या उंच दगडांच्या फटींतून त्या रेघा अशा पुढे निघून जातात की वाटावे, गाडी नुकतीच वळणाआड गेली आहे, तिचा खडखडाट अजून पुरता विरलेला नाही. मी वाकून हात ठेवला. दगड कोमट होता.

आमच्या धाराशिवच्या रानात चाकोऱ्या उमटतात त्या काळ्या मातीत. मृगाच्या सरींनी माती फुगते, चाके रुततात, उन्हाने त्या खुणा टणक होतात आणि पुढच्या मृगाला पुसल्या जातात. तेरणेच्या काठी तेर नावाचे गाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ते तगर होते, दक्षिणापथातली मोठी बाजारपेठ. तिथून निघालेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या किती पावसांनी धुऊन नेल्या असतील, कोण सांगणार! पण त्या गाड्यांची आठवणच मला या परक्या रस्त्यावर घेऊन आली होती.

हा रस्ता म्हणजे व्हिया देल आब्बोंदान्झा. त्याच्या कडेच्या एका घरात 1938 साली अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला राखेखाली एक हस्तिदंती मूर्ती सापडली. वीतभराहून थोडी उंच. रोमन देवतांच्या, मद्याच्या कुंभांच्या, रंगवलेल्या भिंतींच्या त्या नगरात ही बाई एकटीच वेगळी. कमरेला मेखला, मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, पायांत जड वाळे, पाठीवर वेणी, आणि दोन्ही बाजूंना प्रसाधनाची भांडी घेऊन उभ्या असलेल्या चिमुकल्या दासी. कुणी तिला लक्ष्मी म्हटले, पुढे अभ्यासकांनी यक्षी मानले. आरशाची मूठ असावी असेही म्हणतात. पायाशी खरोष्ठी लिपीतले एक अक्षर आहे. आता त्या घराला तिचेच नाव आहे, भारतीय मूर्तीचे घर. ती स्वतः मात्र नेपल्सच्या संग्रहालयात असते, आणि तेही ‘गुप्त दालनात’, पाँपेईतल्या शृंगारिक वस्तूंच्या सोबत.

तिथे तिच्यासमोर उभी राहिले आणि माझे मन हळवे झाले. आजूबाजूचे लोक खालच्या आवाजात हसत पुढे सरकत होते. माझ्या डोळ्यांना तिच्यात लपवण्यासारखे काहीच दिसेना. अंगभर सोन्यारुप्याने नटलेली, एक पाय दुसऱ्यापुढे टाकून स्वतःच्या भरलेपणात निवांत उभी असलेली ही बाई आपल्याकडे देवळाच्या भिंतीवर उन्हात उभी असते, आणि बाया तिच्याजवळून हळदीकुंकवाचे ताट घेऊन जातात. तिची जागा त्या दालनात नाही, असे मला ठामपणे वाटते.

कारण मी तिच्यासारखीच दुसरी पाहिलेली आहे. तेरच्या संग्रहालयात. तीही हस्तिदंताची, उंचीने लहान, पण तोच दागिन्यांचा साज, तोच उभे राहण्यातला डौल. जालन्याजवळच्या भोकरदनच्या उत्खननातही अशाच मूर्तीचा खालचा भाग मिळाला, आणि पाँपेईची मूर्ती सातवाहनांच्या मुलखातच घडली असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तेरच्या मूर्तीला मात्र ज्वालामुखीने सांभाळले नाही. तिला सांभाळले रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नजरेने. तेरची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची टेकाडे, पावसाने धुतली की मातीतून मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मृण्मय मुखवटे, नाणी वर येतात. ज्यावरून गुरे चालत जात, पोरे खेळत, ते सारे या माणसाने आयुष्यभर वेचले, जपले आणि शेवटी शासनाच्या हाती दिले. त्यांच्या नावाच्या त्या संग्रहालयात रोमन घाटाचे मातीचे दिवे आहेत, रोमन नाण्यांवरून घडवलेली मातीची पदके आहेत. तेरणेकाठच्या एखाद्या कुंभाराने समुद्रापलीकडच्या सम्राटाचे मस्तक आपल्या मातीत उमटवले होते. मोठ्या राजघराण्यांच्या वंशावळ्यांपेक्षा मला ते पदक अधिक बोलके वाटते.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने आपल्या समुद्रमार्गांच्या टिपणात लिहून ठेवले आहे, की भडोचपासून वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तिथून साधे कापड, तलम मलमल आणि कितीतरी माल वाट नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला येतो. मी मनाशी ती वाट चालून पाहते. मांजरा आणि गोदावरी ओलांडत, बालाघाटच्या माळांवर मुक्काम करत, घाट उतरत गाड्या भडोचला पोचतात. तिथून जहाजे वाऱ्याच्या भरवशावर तांबड्या समुद्राकडे निघतात, मग इजिप्तच्या वाळवंटातून उंटांचे तांडे, मग नील नदी, मग अलेक्झांड्रिया, मग पुन्हा समुद्र, आणि सरतेशेवटी नेपल्सजवळचे पुतेओली बंदर. आणि या साऱ्या मजलांमध्ये कुठल्यातरी गाठोड्यात, कापडाच्या घडीत, ती हस्तिदंती बाई शांत उभी. तेरमध्येच ती घडली, असा माझा हट्ट नाही. पण तिची वाट आमच्या वाटेला मिळालेली होती.

मग 79 साल आले. व्हेसुव्हियस फुटला, आणि अख्खे नगर राखेखाली जसेच्या तसे थांबले. राखेत गाडलेल्या देहांच्या जागी पोकळ्या उरल्या. 1863 मध्ये पुरातत्त्वज्ञ फिओरेल्लीने त्यांत प्लास्टर ओतले आणि शेवटचा श्वास घेणारी माणसे आकाराला आली. चेहरा झाकून बसलेल्या एका आकृतीपुढून मला पटकन पुढे जाता येईना.

तेर असे मेले नाही. व्यापार आटला, राज्ये गेली, नाव बदलले, आणि गाव राहिले. त्रिविक्रमाच्या देवळात गेले की हे कळते. हत्तीच्या पाठीसारखे गोलाकार छप्पर, विटांची ती प्राचीन वास्तू मुळात चैत्यगृह असावी असे अनेक अभ्यासकांना वाटते. आज तिथे आभाळ मोजायला पाय उचललेला त्रिविक्रम उभा आहे, आणि त्याच्यापुढे उदबत्ती जळते. उत्तरेश्वराचे देऊळही विटांचेच. त्या मऊ, तांबूस विटांवर संध्याकाळचे ऊन मुरते तेव्हा भिंत ते दगडासारखी परतवून लावत नाही, आत घेते.

आणि तेरचे संत, कुंभार गोरोबाकाका! मडक्यांसारखी डोकी थापटून ज्यांनी संतांची कच्ची-पक्की पारख केली, विठ्ठलाच्या नामात हरवून चिखल तुडवताना पायांखाली स्वतःचे तान्हे आले तरी ज्यांना कळले नाही, असे त्यांच्याविषयी सांगतात. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मी कान झाकून घेत असे. पाँपेईत त्या थिजलेल्या देहांसमोर ती अचानक आठवली, आणि अंगावर काटा आला. चैत्र वद्य त्रयोदशीला तेरमध्ये काकांची यात्रा भरते. ज्या मातीत रोमन नाण्यांच्या घाटाची पदके सापडली त्याच मातीवर दिंड्या नाचतात, टाळ घुमतात, वाळवंटासारखी धूळ उडते. यात्रेत शेजारी बसलेल्या एका म्हातारीला मी पाँपेईच्या मूर्तीविषयी सांगितले. ती म्हणाली, “एवढ्या लांब गेली का गं माय? मंग तिकडं तिला कोण हाय?”

उत्तर मला तेव्हा सुचले नाही; आजही ठाऊक नाही. पण पाँपेईला दरवर्षी लाखो माणसे जातात, आणि तेरच्या टेकाडांवर मात्र बहुतेक दिवस वारा आणि शेळ्याच असतात, याचे मला मनापासून दुःख आहे. भारतीय मूर्तीच्या घराला कुंपण, पाटी, रखवालदार, सारे आहे. तेरची पांढर अजूनही पावसाळ्यागणिक झिजते आहे. ती नीट राखली पाहिजे, आणि ती राखली जावी म्हणून माणसांनी आधी तिथे गेले पाहिजे.

आपल्याकडून इटलीला जाणारे आता कितीतरी आहेत. नेपल्सला गेलात तर गुप्त दालनातल्या तिला जरूर भेटा, आणि घाईने पुढे सरकू नका. पण त्याआधी एक दिवस तेरसाठी काढा. लामतुरे संग्रहालय पाहा, त्रिविक्रमाच्या विटांना हात लावा, काकांच्या समाधीवर डोके टेकवा. धाराशिवहून एसटी जाते.