0.1 मिमीचं पॅकिंग

बाजारातून आणलेल्या स्वस्त रेझरमध्ये त्याने ब्लेड चढवलं, रेझर खिडकीच्या उजेडात धरला आणि दोष तिथंच सापडला. टोपीखालून एक धार जास्त डोकावत होती, दुसरी जवळजवळ दडलेली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर आयुष्य घालवलेल्या टर्नरची ती नजर. कॅलिपर त्याने नंतर काढला.

रेझर तीन तुकड्यांचा. वर टोपी, खाली बेस प्लेट आणि दोघांना आवळणारा दांडा. ब्लेड 43 मिमी लांब, 22 मिमी रुंद आणि जाडी जेमतेम 0.1 मिमी. एवढ्या पातळ पत्र्याला स्वतःचं बळ नसतं. टोपीच्या बाकाखाली कमानीसारखा वाकवून आवळला की तो ताठ होतो. किंग कॅम्प जिलेटला 15 नोव्हेंबर 1904 रोजी अमेरिकेत पेटंट मिळालं ते अशाच पातळ, बदलता येणाऱ्या ब्लेडच्या रेझरसाठी. असं पोलाद कडक करून त्याला धार लावायची यंत्रं मात्र विल्यम निकरसनने घडवली. टर्नरच्या लेखी खरा मोठा माणूस तोच.

पहिल्या दाढीत गाल निभावले, गळ्याशी रक्ताचे दोन ठिपके आले. तुरटी फिरवली आणि तो कामाला लागला.

वाकडेपणाचं कारण साधं होतं: टोपीच्या खुंट्या बारीक, त्यामुळे ब्लेड सरकायला वाव. दांडा अर्धा फेरा ढिला करायचा, ब्लेडची बोथट टोकं चिमटीत धरून दोन्ही धारा सारख्या करायच्या, मग आवळायचं. रोजचं अर्ध्या मिनिटाचं काम.

दुसरा दोष चिवट. ब्लेड आणि बेस प्लेटच्या कडेमधली फट इतकी कमी, की त्याच्या राठ दाढीवर तीन-तीन हात फिरवावे लागत. त्याने कानस घेतली आणि कड थोडी उतरवली. तिथं तो चुकला. क्रोमचा मुलामा गेला, आतला जस्ताचा मिश्रधातू उघडा पडला आणि काही आठवड्यांत कडेला पांढरी भुकटी धरली. कानशीने काढलेला धातू परत लावता येत नाही, हे शिकाऊ पोरांना तोच सांगत आला होता. ती चूक त्याला फार लागली.

दुसरा रेझर आणला तेव्हा त्याला लेथ आठवलं. टूलचं टोक सेंटरला येत नसेल तर खाली पातळ पत्र्याचं पॅकिंग देतात. त्याने वापरलेल्या ब्लेडच्या दोन्ही धारा कात्रीने जपून कापल्या आणि मधली भोकांची पट्टी नव्या ब्लेडखाली, बेस प्लेटवर ठेवली. ब्लेड 0.1 मिमी वर आलं. जिलेट कंपनीने 1958च्या सुमारास 1 ते 9 आकड्यांची चकती असलेला रेझर आणला होता. चकती फिरवली की फट कमीजास्त होई. इथं तेच एका टाकाऊ पट्टीत झालं, आणि नको वाटलं तर पट्टी काढता येते.

दांडा मात्र त्याने हौसेने केला. 12 मिमीचा पितळी रॉड, 80 मिमी लांब, 4.2 मिमीचं ड्रिल, त्यात एम 5 टॅप, बाहेरून नर्लिंग. आटे आधी तपासावे लागले, कारण कित्येक रेझरना 10-32 आटे असतात आणि ते डोळ्याला एम 5सारखेच दिसतात. पितळेचं वजन असं, की हाताने दाबावंच लागत नाही.

एकदा त्याने दोन पट्ट्या घालून पाहिल्या. गळा दिवसभर चुरचुरला. संध्याकाळी एक पट्टी काढून त्याने डबीत ठेवली.