सातपुड्याचा कामठा आणि सावलीत वाळलेलं लाकूड

शहाद्याहून म्हसावद-राणीपूरच्या वाटेने तोरणमाळकडे निघालात, की आधी तापीकाठची काळी जमीन लागते. ऊस, केळी, पपई, कापूस. मग हळूहळू जमीन मुरमाड होते, सातपायरी घाटाची वळणे सुरू होतात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना मानवेल बांबूची बेटे दिसू लागतात. वर पोचलात की हजार मीटरहून अधिक उंचीवर यशवंत तलावाचे पाणी आणि गोरखनाथाचे देऊळ. हा सगळा मुलूख पूर्वी धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. बहुतेक प्रवासी तलाव पाहतात, सीताखाईच्या कड्यावर उभे राहतात आणि परत फिरतात. तुम्ही तसे करू नका. एखाद्या भिल्ल किंवा पावरा पाड्यावर थोडे थांबा आणि घरातल्या आढ्याकडे, कुडाकडे नजर टाका. तिथे कामठा टांगलेला दिसला, तर तो नीट पाहून घ्या.

या कामठ्याला मोठा इतिहास आहे. खाज्या नाईकांच्या नेतृत्वाखाली एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला भिल्ल इंग्रजी पलटणीशी लढले, तेव्हा बंदुकांबरोबर तीरकामठेही होते. आज शिकारीला कायद्याने बंदी आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून. तरी होळीच्या दिवसांत, लग्नात, देवकार्यात कामठ्याचा मान राहिला आहे. आणि नेमबाजीच्या मैदानावरही त्याने नाव काढले. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातल्या आदिवासी घरातला लिंबाराम लहानपणी बांबूच्याच धनुष्यावर शिकला. तो १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकांत खेळला. २०१२ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली.

आता कामठा हातात घेऊन बघा. बांबूची एक जाड चीप, बाहेरची सालीकडची बाजू शाबूत, आतली बाजू तासलेली. दोरीसुद्धा बहुधा बांबूच्याच सालीची पट्टी. मानवेल हा बारीक, कोरड्या डोंगरावर तर जवळजवळ भरीव वाढणारा बांबू, म्हणून तो या कामाला येतो. लाकडाचा कामठा करायचा तर धामण. संस्कृतात धामणीला ‘धन्वन’ म्हणतात, आणि धनुष्याशी असलेले तिचे नाते त्या नावातच आहे. धामणीचे लाकूड चिवट आणि लवचीक. कावडीची दांडी, कुऱ्हाडीचा दांडा, गाडीची साटी यांसाठी आपले आजे-पणजे तेच शोधत. पाला गुरे खातात, सालीचा वाख निघतो.

यात तुमच्या कामाची गोष्ट अशी, की कामठ्याला मोठा ओंडका लागत नाही. मनगटाएवढी, फार तर पोटरीएवढी सरळ फांदी पुरते. अशी फांदी बांधावर किंवा परसात छाटणीच्या वेळी निघते आणि आपण ती चुलीत घालतो. पण बारीक लाकूड जितके सोपे दिसते तितके वाळवायला अवघड. ते फाटते. का फाटते ते समजून घ्या.

ओल्या लाकडात पाणी दोन जागी असते. पोकळ्यांतले पाणी आधी जाते. तेव्हा लाकूड हलके होते, पण आक्रसत नाही. ओल सुमारे ३० टक्क्यांच्या खाली आली, की तंतूंच्या भिंतींतले पाणी निघू लागते आणि मग लाकूड आक्रसते. तेही सगळीकडे सारखे नाही. गाभ्यापासून सालीकडे जितके आक्रसते, त्याच्या साधारण दुप्पट ते घेराच्या दिशेने आक्रसते. गोल फांदीला ही ओढ सोसत नाही. सालीपासून गाभ्यापर्यंत उभी चीर पडते. टोकांतून पाणी सर्वांत भरभर जाते, म्हणून चिरेची सुरुवात तिथे होते.

कारण कळले की उपाय सोपे आहेत. पहिला, फांदी तोडायची ती पावसाळा सरल्यावर, मार्गशीर्ष ते माघ या दिवसांत. तेव्हा हवा गार असते, लाकूड सावकाश वाळते आणि भुंगाही कमी लागतो. सालीवरच्या रेघा पाहा. त्या पीळ घेत वर गेल्या असतील, तर आतले लाकूडही पिळलेले आहे, ते सोडा. गाठी कमीत कमी हव्यात. लांबी माणसाच्या उंचीपेक्षा वीतभर जास्त ठेवा, म्हणजे टोके फाटली तरी कापता येतील.

दुसरा, तोडल्या दिवशीच दोन्ही टोके बंद करा. मेण, लाख, उरलेला रंग, काही नसेल तर शेणमातीचा जाड लेप. उद्यावर टाकलेत, तर काम चिरेने आधीच सुरू केलेले असते.

तिसरा, गाभा मोकळा करा. फांदी जाड असेल तर पाचर मारून मधोमध उभी चिरा. दोन कामठ्यांचे लाकूड होते. बारीक असेल तर एक बाजू निवडून उरलेली बाजू गाभ्यासकट तासून टाका. अशी ओढ मोकळी झाली की फाटण्याचे भय बरेच कमी होते. सालीखालची बाजू मात्र कामठ्याची पाठ. वाकताना ती ताणली जाते. तिथले तंतू एकदाही तुटता कामा नयेत. म्हणून साल काढायची ती कोयत्याने सपकन नव्हे, बोथट धारेने खरवडून. साल तशीच ठेवली तर वाळणे सावकाश होते खरे, पण सालीखाली किडा घर करतो. मग खाली पिठासारखा भुगा पडू लागतो.

चौथा, ओलसर असतानाच ती एका सरळ फळीला दोन-तीन ठिकाणी बांधून ठेवा, नाहीतर लाकूड आपल्या मनाने वाकते. पहिले काही आठवडे वारा खेळता पण सावली पक्की अशी जागा हवी. ऊन नको, चुलीची धगही नको. पुढे चुलीवरच्या माळ्यावर, धुरात ठेवली तर भुंगा फिरकत नाही. बांबूलाही हेच लागू. तो तीन वर्षांचा, पक्का झालेला घ्या. कोवळ्या बांबूत पिष्ट जास्त, म्हणून त्याला किडाही लवकर लागतो.

वाळली हे कसे ओळखावे? तराजूने. दर आठवड्याला वजन करा आणि कोळशाने भिंतीवर मांडा. लागोपाठ तीन आठवडे वजन तेच आले, की लाकूड हवेशी समतोल झाले. कामठ्याला १० ते १२ टक्के ओल योग्य. जास्त असेल तर कामठा वाकला की वाकलेलाच राहतो, बाण जोर धरत नाही. फार कोरडे असेल तर ताणताना मोडतो. मोडलेला तुकडा डोळ्यावर आला तर डोळा जातो. म्हणून उतावळेपणा नको. आणि लक्षात ठेवा, चैत्र-वैशाखात वाळलेले लाकूड आषाढात पुन्हा ओल घेते.

मग पोटाकडची बाजू थोडी थोडी तासत, दर वेळी हलके वाकवून, दोन्ही बाजू सारख्या वळतात का पाहत जायचे. जिथे लाकूड ताठ, तिथे तासायचे. जिथे आधीच वाकते, तिथे हात लावायचा नाही.

हे ज्ञान पाड्यावरच्या म्हाताऱ्यांच्या हातांत आहे. त्यांचे नातू आश्रमशाळेत किंवा कामासाठी सुरतेकडे असतात. हात थकले की विद्याही थकेल. तोरणमाळला गेलात तर अशा एखाद्या बाबांजवळ बसा, कामठा विकत घ्या, आणि तो कसा केला हे आवर्जून विचारा.

कामठा तुम्हाला करायचा नसेल, तरी याच रीतीने वाळवलेला कुऱ्हाडीचा किंवा कुदळीचा दांडा वर्षानुवर्षे टिकतो. २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेर लावलेला बांबू कायद्याच्या दृष्टीने झाड राहिला नाही; त्यामुळे बांधावरची मानवेल तोडायला पूर्वीची अडचण उरलेली नाही. धामणीचे झाड तोडायचे असेल तर मात्र आधी वनखात्यात चौकशी करा. फांदीवर काम भागत असेल तर झाड तोडूच नका. यंदा पावसाळ्यात बांधाच्या एका टोकाला मानवेलीचे बेट आणि दुसऱ्याला दोन धामणी लावा. तुमचा नातू दांडा बसवायला लाकूड शोधेल, तेव्हा ते घरचेच असेल.