बीज आणि क्षेत्र

गेल्या मार्गशीर्षांत अमरावतीहून अकोल्यास जाण्याचा योग आला. बडनेऱ्यास गाडी बदलून मूर्तिजापुराकडे निघालों, तों दोहों बाजूंस वऱ्हाडची काळी जमीन; कपाशीची वेचणी चालली होती आणि तुरी शेंगांनीं लवल्या होत्या. माझ्या पिशवींत मात्र वाटाण्याची एक पुरचुंडी होती.

ती माझ्या धाकट्या बंधूची. विहिरीजवळच्या वाफ्यांत त्यानें एकाच जातीचा वाटाणा सात वर्षें लावला. दरसाल सर्वांत टपोरे दाणे वेचून तेच पेरले. मोठ्यापासून मोठें निपजतें, हा उपदेश माझाच. दाणा मात्र होता तेवढाच राहिला. यंदा बंधु अंथरुणास खिळला आहे. ‘दादा, माझें कोठें चुकलें एवढें विचारून या,’ असें त्यानें निघतांना सांगितलें.

अकोल्यास १९६९ सालीं स्थापन झालेलें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ आहे. तेथील एका अध्यापकांनीं आस्थेनें सर्व समजाविलें. वाटाण्याचें फूल उमलण्यापूर्वींच त्यांत स्वपरागण होतें. म्हणून जात पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहते. शुद्ध जातींत एक दाणा मोठा व एक लहान दिसतो, तो पाणी, खत व ऊन यांच्या भेदानें. बीज दोहोंचें एकच. डेन्मार्कच्या योहानसेननें १९०३ सालीं घेवड्यावर हेंच सिद्ध केलें.

मग सुधारणा व्हावी कशी? भिन्न जातींचा संकर करून. कळी उमलण्यापूर्वीं चिमट्यानें पुंकेसर काढावयाचे व दुसऱ्या जातीचा पराग घालावयाचा. मेंडेलनें गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या जातींचा असाच संकर केला. पहिल्या पिढींत सर्व दाणे गोल, दुसरींत ५४७४ गोल व १८५० सुरकुतलेले निघाले. लपलेला गुण पुनः प्रकटला! अशा भिन्न संततींतून झाडागणिक शेंगा, शेंगेंतील दाणे व दाण्यांचें वजन पाहून निवड करावयाची. तेथेंहि एक वाढलें कीं दुसरें बहुधा घटतें. म्हणून तिन्हींचा मेळ पाहावा लागतो.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत बीज श्रेष्ठ कीं क्षेत्र, ही चर्चा आहे. ती मीं अनेकदां वाचली होती. पण क्षेत्राचा गुण बीजाच्या पदरीं बांधण्याची चूक माझ्याच हातून झाली.

घरीं येऊन बंधूस म्हटलें, “तुझी निवड चुकली नाहीं, निवडावयास भेदच नव्हता. चूक माझ्या उपदेशाची.” तो बराच वेळ स्वस्थ पडून होता. मग म्हणाला, “तर पुढच्या आश्विनांत दोन निराळ्या जातींचें बीं आणा.”