नैसर्गिक, इतर

आमच्या अ‍ॅपच्या भाषांतराच्या तक्त्यात भाषा त्यांच्या सांकेतिक अक्षरांच्या क्रमानं लागतात, त्यामुळे लॅट्व्हियनच्या शेजारी मराठीचा रकाना येतो. एरवी या दोघींची गाठ पडायचं काही कारण नाही. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम बोरगाव मेघेच्या घरातून करतो. टीममध्ये मराठी लिहिता येणारा मी एकटाच, म्हणून ‘मराठीचं तू बघून टाक’ असं झालं. अ‍ॅप शेतकऱ्यांसाठी आहे. पेरणी कधी केली, फवारणी कशाची, नुकसान कशामुळे झालं. या शेवटच्या प्रश्नाला इंग्रजीत दोनच पर्याय होते, नॅचरल आणि अदर. मी अर्ध्या मिनिटात भरून टाकलं: नैसर्गिक, इतर. आणि चहा घ्यायला उठलो.

एवढं सोपं वाटलं ते शाळेमुळे. मराठी माध्यमात शिकलो, तिथे हा शब्द तयारच मिळाला होता. नैसर्गिक संख्या, नैसर्गिक वायू, नैसर्गिक आपत्ती. नॅचरल म्हटलं की नैसर्गिक, विषय संपला. पहिला धक्का इंजिनिअरिंगला बसला. माझा रूममेट हिंदी माध्यमातून आलेला, त्याच्या तोंडी ‘प्राकृत संख्या’. मला प्राकृत म्हणजे भाषा माहीत. एक-दोन-तीन प्राकृत कसे, कळेना. त्याची पाळी मराठी पेपर वाचताना आली. कुठल्यातरी नेत्याची प्रकृती खालावली असं छापलेलं होतं आणि तो विचारत होता, नेत्याचा पर्यावरणाशी काय संबंध? हिंदीत प्रकृति म्हणजे निसर्ग. आपल्याकडे प्रकृती दवाखान्यात जाते आणि ‘स्थिर आहे’ असं कळवते.

खरं तर वर्ध्याच्या माणसाला हे आधीच माहीत असायला हवं होतं. राष्ट्रभाषा प्रचार समिती इथे १९३६पासून आहे, हिंदी आमच्या कानावरून रोज जाते. सेवाग्रामही इथेच. गांधीजी कुदरती उपचार म्हणायचे. त्यांनी १९४६ साली उरुळी कांचनला आश्रम काढला, तो मराठीत निसर्गोपचार आश्रम. माती आणि पाणी तेच, पण एक शब्द अरबीतून आलेला, दुसरा संस्कृतातून. मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

मग शेजारच्या रकान्याकडे लक्ष गेलं. लॅट्व्हियन भाषांतर करणाऱ्या बाईंनी नॅचरलसमोर शेरा टाकला होता, कोणत्या अर्थानं हवंय? त्यांच्याकडे नॅचरलला दबिस्क्स आणि दबीग्स असे दोन शब्द आहेत आणि दोन्ही एकाच जागी चालत नाहीत. मी विचारलं तेव्हा त्यांनी लिहिलं की मूळ शब्द दबा. दबा म्हणजे जंगल-नदी तर आहेच, पण माणसाचा स्वभावही दबाच. हे वाचून मी आपट्यांचा १८९०चा संस्कृत-इंग्रजी कोश इंटरनेटवर उघडला. निसर्ग म्हणजे देणं, सोडून देणं, मलविसर्जनसुद्धा, उत्पत्ती, आणि अंगचा स्वभाव. धातू सृज्. म्हणजे सृष्टी, विसर्ग, गणपतीचं विसर्जन, सगळी एकाच घरातली भावंडं. सहलीला जातो तो डोंगर-धबधब्यांचा निसर्ग त्या यादीत मला सापडला नाही.

आमच्या घरातही तो नाही. बाबा सेलू तालुक्यात शेती करतात, बोर अभयारण्यापासून फार लांब नाही. २०१४ साली त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला, सुमारे १३८ चौरस किलोमीटरचा, देशातल्या सगळ्यांत लहान प्रकल्पांपैकी एक. जनावरांना ही हद्द माहीत नसते. बाबांच्या बोलण्यात वावर आहे, धुरा आहे, नाला, रान, आभाळ आहे. ‘निसर्ग’ मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. आई म्हणते, पण फोटो बघताना. ‘काय निसर्ग आहे!’ म्हणजे जिथे आपण राहत नाही ती जागा.

जानेवारीत एका रात्री डुकरं हरभऱ्यात शिरली. बाबांना सर्दी-ताप होता म्हणून त्या रात्री जागलीला कोणी नव्हतं. सकाळी पाहिलं तर धुऱ्यापासून मधल्या पाइपापर्यंत जमीन उकरलेली, घाटे लागलेली झाडं मुळासकट उलटी. बाबांनी जे दर वेळी केलं तेच केलं. गारपीट झाली तेव्हा तलाठ्याकडे गेले होते, अवकाळी आला तेव्हाही तिकडेच. नुकसान झालं की तलाठी. तलाठ्याकडे तीन-चार गावं असतात, त्याचा वार येईपर्यंत दोन दिवस गेले. मग कळलं, हे आमच्याकडे नाही, रानडुकराचं वन विभागाकडे. दरम्यान राहिलेला हरभरा वाचवावा म्हणून बाबांनी स्प्रिंकलर लावलं होतं. खुरांचे ठसे ओल्या मातीत मिटून गेले. पंचनाम्याला दाखवायला उकरलेली जमीन होती, पण कोणी उकरली ते सांगणारं काही उरलं नव्हतं. बाबांनी शेवटी अर्जच केला नाही. मी खूप चिडलो, तर म्हणाले, ‘जाऊ दे न बापा, आता काय डुकराले साक्षीला बोलावू?’

त्या आठवड्यात अ‍ॅपची चाचणी होती. मी फोन बाबांच्या हातात दिला आणि म्हटलं, डुकरांचं नुकसान यात टाका. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही पर्याय वाचले आणि बिनदिक्कत ‘नैसर्गिक’वर बोट ठेवलं.

‘बाबा, ते इतरमध्ये जाते.’

‘काऊन? डुक्कर का कारखान्यातून आलं होतं?’

मला उत्तर देता येईना. सरकारी भाषेत नैसर्गिक आपत्ती म्हणजे दुष्काळ, पूर, गारपीट अशी ठरलेली यादी असते. वीज पडली तर नैसर्गिक, डुक्कर आलं तर वन्यप्राणी. अशी यादी लागतेच, हे मी प्रोग्रामर म्हणून मान्य करतो. प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी एकाच खात्यात टाकावी लागते, नाहीतर काम पुढे सरकत नाही. पण ही रेघ शब्दात दिसत नाही. ‘नैसर्गिक’ वाचून बाबांना कुठल्या दाराशी जायचं ते कळलं नसतं. उलट चुकीच्या दाराशी गेले असते, जसे गेलेच. आणि तो शब्द या वेळी मी अर्ध्या मिनिटात लिहिला होता.

मी मराठीतून ‘नैसर्गिक’ काढून टाकला. त्याऐवजी लिहिलं: पाऊस, गारा, वीज, कीड-रोग, जंगली जनावर. शेवटच्या पर्यायाखाली बारीक अक्षरांत, ‘वन विभागाला लगेच कळवा, ठसे राहू द्या, फोटो काढा’. मॅनेजरचं म्हणणं होतं, एका भाषेत सहा पर्याय आणि बाकीच्यांत दोन, असं कसं चालेल? डेटा जुळणार नाही. रास्त आहे. मी म्हटलं, आतून सगळे नॅचरलच्याच खात्यात जोडतो, फक्त जनावर वेगळं ठेवू. लॅट्व्हियन बाईंनी खाली लिहिलं, आमच्याकडेही रानडुकरं शेतात येतात, हा पर्याय आम्हालाही द्या. त्या एका ओळीनं माझं काम झालं.

नवी आवृत्ती आली तेव्हा बाबांना पुन्हा दाखवली. त्यांनी यादी वरून खाली वाचली, जनावरापाशी थांबून मान हलवली, मग अजून खाली सरकवून पाहिलं. खाली ‘इतर’ होतं.

‘कापसाचा भाव पडला तं कुठं टाकू?’

‘त्यासाठी नाही हे बाबा. हे पिकाच्या नुकसानीचं आहे.’

‘बरं,’ म्हणाले, आणि फोन परत दिला.