दप्तर कुणाचं, किल्ली कुणाची?

मंडळी, १६ एप्रिल २०२४ चा पाऊस आपल्यापैकी कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. ज्यांच्या गाड्या पाण्यात बसल्या ते तर नाहीच नाही! अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस झाला, पंचाहत्तर वर्षांत या देशात असा पाऊस नोंदला गेला नव्हता, वगैरे आपण नंतर पेपरात वाचलंच. कोकणातला माणूस अडीचशे मिलिमीटरला हसेल. पण कोकणात पाण्याला जायला ओढे असतात हो. आमच्या शारजाच्या गल्लीत ते आलं आणि सासरच्या पाहुण्यासारखं राहिलंच.

चौथ्या दिवशी नातूर वर आला आणि म्हणाला, "साब, नीचे स्टोअर में पानी है." त्या स्टोअरमध्ये आमची लोखंडी ट्रंक होती. तेहतीस वर्षांपूर्वी साताऱ्याहून आणलेली. आत लग्नाचे अल्बम, मुलांची प्रगतिपुस्तकं, मंडळाच्या जुन्या गणपतींचे फोटो, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर बँड लावून ठेवलेली एक हार्ड डिस्क. अल्बमची पानं एकमेकांना चिकटली होती, ती सोडवून बाल्कनीच्या दोरीवर चिमटे लावून वाळवली. निम्मे फोटो वाचले. डिस्क मात्र बर दुबईच्या दुरुस्तीवाल्याने नारळासारखी कानाशी हलवून पाहिली आणि परत आमच्या हातात ठेवली.

त्या डिस्कवर अण्णांचा आवाज होता.

अण्णा पाटण तालुक्यात तलाठी होते. निवृत्तीनंतर साताऱ्यात स्थायिक झाले आणि २०२१ च्या दिवाळीनंतर गेले. त्याआधी पाचसहा वर्षं त्यांच्याकडे स्मार्टफोन होता. त्या वर्षांत इथे व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप जायचे पण कॉल लागत नसे, हे आपण सगळ्यांनीच भोगलं आहे. मग अण्णांनी त्यावर तोडगा काढला. रात्री जेवण झालं की तीनचार मिनिटं बोलायचं आणि ते घरच्या ग्रुपवर पाठवून द्यायचं. आमच्या मुलांना मराठी वाचता येत नाही, पण ऐकलेलं सगळं कळतं. त्यांच्यासाठीच ते असायचं खरं तर. कुठल्या गावची हद्द कशी मोजली, कुणाच्या फेरफाराची नोंद कशी अडली, आजीची आमटी कशी असायची, असलं काहीही. आमचा फोन भरला की आम्ही ते सगळं डिस्कवर उतरवून घ्यायचो आणि फोनमधून पुसून टाकायचो. व्यवस्थितपणाची अशीही शिक्षा मिळते!

तरी आम्ही निर्धास्त होतो, कारण अण्णांची मोठी ध्वनिमुद्रणं, अर्ध्या अर्ध्या तासाची, त्यांच्या फोनमधून आपोआप त्यांच्या खात्यावर जात होती. म्हणजे कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या संगणकावर. पण त्या खात्याचा पासवर्ड अण्णांबरोबर गेला. त्यांच्या सिमकार्डात पैसे भरायचं कुणाला सुचलं नाही, आणि तो नंबर रीतीप्रमाणे दुसऱ्या कुणाला तरी मिळाला. आम्ही फोन केला तर त्या गृहस्थाने "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. कंपनीला लिहिलं. मृत्यूचा दाखला पाठवला, नात्याचा पुरावा पाठवला. दीड महिन्याने नम्र उत्तर आलं, की बराच काळ न वापरल्यामुळे हे खातं नियमाप्रमाणे काढून टाकण्यात आलेलं आहे.

पहिले दोन दिवस आम्ही त्या कंपनीला यथेच्छ शिव्या दिल्या. मग राग निवळल्यावर वाटलं, अण्णांनी तरी दुसरं काय केलं असतं? चावडीवर येऊन कुणी म्हणालं, "मी त्यांचा भाऊ, नोंद माझ्या नावावर करा," तर ते म्हणायचे, "वारसाची कागदपत्रं आण." अण्णांना आपल्या खुर्चीची ताकद पुरती ठाऊक होती. जमीन शेतकऱ्याची, घाम शेतकऱ्याचा, पण उतारा निघायचा तो तलाठ्याच्या दप्तरातून. तलाठी परगावी गेला असला की शेतकऱ्याचं बँकेचं कर्ज आठ दिवस लटकायचं. आता डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो. अण्णांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नव्हते.

या गोष्टीचा आम्हाला स्वतःला चटका बसला तो मात्र इथे, १९९४ साली. आम्हा दोघांपैकी नोकरी करणाऱ्याचा पासपोर्ट (कुणाचा ते ओळखा) कंपनीच्या तिजोरीत असायचा. तेव्हा सर्रास तशीच पद्धत होती आणि त्यात काही चुकतं आहे असं आम्हालाही वाटत नसे. उलट "घरी हरवला तर?" असंच वाटायचं. गुरुवारी रात्री साताऱ्याहून फोन आला, आजी अत्यवस्थ आहे, निघा. शुक्रवारी ऑफिस बंद. तिजोरीची किल्ली ज्यांच्याकडे ते साहेब सुट्टीला खोरफक्कानला गेलेले. मोबाइल नव्हते. शनिवारी सकाळी पासपोर्ट हातात आला, रविवारी दुपारी आम्ही घरी पोहोचलो. आजी शनिवारीच पहाटे गेली होती. अण्णा एवढंच म्हणाले, "कागद तुझा, आणि कपाट त्यांचं. असं कसं चालेल?"

पुढे इथल्या सरकारने ही पद्धत बंद करायला लावली. २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कामगार कायद्यात तर मालकाने कामगाराची कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत असं स्वच्छ लिहिलं आहे. पासपोर्ट आमच्या कपाटात आला. पण त्याच वर्षांत आम्ही आपल्या हाताने बाकीचं सगळं (फोटो, पत्रं, मुलांचे दाखले, अण्णांचा आवाज) दुसऱ्यांच्या तिजोऱ्यांत नेऊन ठेवत होतो. तेही फुकट, हौसेने! ऑर्कुट २०१४ साली बंद झालं, त्याआधी २००९ साली जिओसिटीज गेलं. तेव्हा लोक हळहळले, आणि उठून पुढच्या फुकट तिजोरीकडे गेले.

आमचा मुलगा टोरांटोला संगणकाचंच काम करतो. त्याच्यापुढे हे गाऱ्हाणं मांडलं तेव्हा त्याने विकेंद्रित साठवण नावाचं प्रकरण समजावून सांगितलं. त्याच्या निम्म्या इंग्रजीतून आम्हाला जे कळलं ते असं. नेहमीच्या पद्धतीत तुमची वस्तू एका कंपनीच्या ताब्यात असते, आणि कुलूपही बहुधा तिचंच असतं. या नव्या पद्धतीत कुलूप आधी आपल्या घरी लावायचं आणि मगच वस्तू बाहेर पाठवायची. तिचे तुकडे करून ते निरनिराळ्या ठिकाणच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांच्या संगणकांवर ठेवले जातात. स्टोर्ज नावाच्या सेवेच्या मूळ रचनेत असे ऐंशी तुकडे होत, आणि त्यांतले कोणतेही एकोणतीस मिळाले की पूर्ण वस्तू परत तयार! आमचा यावर विश्वास बसेना. मग तो म्हणाला, तुमच्या सीडीवर चरे पडले तरी गाणं वाजायचं ना, तेच गणित. रीड आणि सॉलोमन या दोघांनी ते १९६० साली मांडलेलं आहे. हे पटलं, कारण आमच्या नाट्यगीतांच्या सीडीवर चऱ्यांशिवाय काही उरलेलं नाही आणि ती अजून वाजते.

खरं तर आपल्याला ही कल्पना परकी वाटायला नको. इंद्रायणीत गाथा बुडाली तरी ती लोकांच्या मुखी शिल्लक होती, ही कथा लहानपणापासून ऐकतच आलो आहोत आपण.

दुसरा प्रकार आयपीएफएस. त्यात वस्तू कुठे ठेवली आहे यावरून नव्हे, तर वस्तूत काय आहे यावरून तिचा पत्ता ठरतो. एक स्वल्पविराम बदला, पत्ता बदलतो. म्हणजे मधल्यामध्ये कुणी गुपचूप काही फिरवलं तर लगेच कळतं. ('तलाठ्याला कठीणच,' असं अण्णा म्हणाले असते.) आणि वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सॉलिड नावाची योजना मांडली आहे. प्रत्येकाची माहिती त्याच्या स्वतःच्या पेटीत राहील, आणि बँक असो, दवाखाना असो, ते तुमच्याकडे वाचायची परवानगी मागतील. तुम्ही ती द्याल, आणि वाटलं तर काढूनही घ्याल. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात तिथल्या सरकारने हे मनावर घेतलं आहे.

इथल्या कायद्यातही आता थोडं बळ आहे. २०२१ च्या ४५ क्रमांकाच्या संघीय कायद्याने आपली माहिती मागण्याचा, दुरुस्त करण्याचा, दुसरीकडे नेण्याचा आणि पुसायला लावण्याचा हक्क दिला आहे. सरकारी दप्तरं त्यातून वगळलेली आहेत. भारतातही २०२३ साली असा कायदा आला. पण कायदा मागायचा हक्क देतो. मागणारा माणूस हयात हवा, आणि वस्तू शिल्लक हवी.

आता सावध करायचं म्हणजे, हे नाव काढलं की कुणी ना कुणी कॉइन विकायला येतोच. आमच्याकडेही एक सद्‌गृहस्थ येऊन, दोन कप चहा पिऊन, साठवणीच्या कुठल्याशा नाण्यात पैसे गुंतवा म्हणून दीड तास बसले होते. कपाट हवं म्हणून कपाटाच्या कारखान्याचे शेअर्स घ्यावे लागत नाहीत, एवढं लक्षात असू द्या. शिवाय आयपीएफएसवर टाकलं की ते जन्मभर राहतं हा समजही खोटा. कुणीतरी ते जपून ठेवायचं कबूल करावं लागतं. उलट एकदा चार ठिकाणी पांगलं की परत बोलावता येत नाही, तेव्हा पासपोर्टच्या प्रती तिथे उघड्या टाकू नका. आणि सगळ्यात मोठी भीती किल्लीची. कंपनीकडे 'पासवर्ड विसरलो' म्हणायची सोय असते, इथे म्हणणार कुणाला? वेल्समधल्या न्यूपोर्टच्या एका माणसाची बिटकॉइनची किल्ली असलेली डिस्क २०१३ साली कचऱ्यात गेली. कचराडेपो खणायला मिळावा म्हणून तो कोर्टात गेला, आणि २०२५ साली कोर्टाने त्याचा दावा फेटाळला.

सगळा विचार करून आम्ही आपलं घरगुती काम केलं. एक जुना लॅपटॉप शारजात, एक टोरांटोला, एक साताऱ्यात ताईकडे. सिंकथिंग नावाचा फुकट प्रोग्रॅम तिन्हींवर घातला. एका घरी काही ठेवलं की उरलेल्या दोन घरी त्याची प्रत जाते, मध्ये कुठल्या कंपनीची कोठी नाही. आमची कागदपत्रं ताईकडे कुलूपबंद जातात, म्हणजे तिच्या लॅपटॉपवर असतात पण तिला वाचता येत नाहीत. हे तिला सांगितल्यावर जो स्फोट झाला तो कोयनेपेक्षा कमी नव्हता. "माझ्याच घरात ठेवायचं आणि मलाच दिसू द्यायचं नाही? एवढा का माझ्यावर अविश्वास?" आठ दिवस फोन बंद. अविश्वास तिच्यावर नाही, लॅपटॉप चोरीला गेला तर काय म्हणून, हे पटवायला मुलाला टोरांटोहून तासभर बोलावं लागलं. शेवटी तोड निघाली. मृत्युपत्र, पासपोर्ट वगैरे कुलपात, अण्णांचं जे सापडेल ते सगळ्यांना उघडं.

कुलपाची किल्ली पाच जणांत वाटली. शमीर नावाच्या गणितज्ञाने १९७९ साली काढलेली युक्ती आहे. पाचांपैकी कोणतेही तीन तुकडे एकत्र आले की किल्ली पूर्ण होते, दोन आले तर काहीच कळत नाही. आता पाच कोण यावरून पुन्हा रामायण. धाकट्या काकांना का नाही हा प्रश्न अजून मिटलेला नाही. ताईने आपला तुकडा कागदावर लिहून स्वयंपाकघरातल्या एका डब्यात ठेवला आहे. कोणत्या, ते अर्थातच इथे छापत नाही.

आणि अण्णांचा आवाज? तो शोधायला आम्ही ग्रुपवरच्या अकराही जणांना आपापले फोन उपसायला लावले. कुणाकडे दोन निघाले, कुणाकडे पाच. बहुतेकांनी आमच्यासारखीच स्वच्छता केलेली. मावशींनी मात्र कधी काहीच पुसलं नव्हतं, कारण कसं पुसायचं ते त्यांना येत नव्हतं. एकट्या त्यांच्या फोनमध्ये चाळीसच्या वर निघाले! सगळे मिळून आजवर त्रेसष्ट झाले आहेत. त्यांत ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा आहे. जमीन हलली तेव्हा अण्णा गावाचं दप्तर डोक्यावर घेऊन अंगणात पळाले. मागे घर पडत होतं, आणि आजी ओरडत होती, "अरे मेल्या, कागद कसले आणतोस, बहिणीला आण!" इथे अण्णा हसतात, थोडा खोकतात, आणि म्हणतात, "पुढचं उद्या सांगतो, झोपा आता."

तो उद्याचा अजून सापडलेला नाही. मावशींचा त्याच्याही आधीचा एक फोन कपाटात पडून आहे, पण त्याला लागणारा चार्जर आता साताऱ्यात मिळत नाही म्हणतात. आम्हाला तो परवा बर दुबईत मिळाला, पंधरा दिरहमला. पुढच्या महिन्यात जातो आहोत.