बोल्टच्या सावलीत

सहा मिलिमीटरचा बोल्ट सहा मीटर जाडीचा होऊन समोर उभा राहिला आणि मी मान मागे टाकून बघतच राहिलो! त्याचं डोकं कुठे दिसेना. एम-सिक्स म्हणजे खिशात टाकला तर विसरून जाल असा किरकोळ ऐवज. आमच्या डिझाइनांत असे शेकड्यांनी असतात, त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण आमचं कॅड मिलिमीटरमध्ये बोलतं आणि व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी उभी करणारं आमचं गेम इंजिन मीटरमध्ये. मधल्या दुभाष्यानं नुसता आकडा पुढे सरकवला, एकक मागेच राहिलं, आणि सगळं झालं हजारपट. एकेक आटा कंबरेएवढा! चढायचा मोह झाला म्हणून मी खरोखर पाय उचलला. हेडसेटच्या बाहेरून पोरं ओरडली, "सर, भिंत!"

एकक दुरुस्त करायला दोन क्लिक पुरतात. मी ते संध्याकाळपर्यंत करू दिलं नाही. आख्खं ऑफिस आळीपाळीनं त्या बोल्टच्या सावलीत उभं राहून आलं. हिशेबाच्या मॅडमसुद्धा.

आम्ही संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर बसतो. वेल्डिंग फिक्स्चर, असेंब्ली लाइन, कारखान्याचा लेआउट यांचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर लिहितो. या गावात अशा कामाला तोटा नाही. 1985 मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला, 2001 मध्ये स्कोडा शेंद्र्याला आली, आणि त्यांच्या आगेमागे सुटे भाग बनवणाऱ्यांची रांगच लागली. इथल्या इंडो-जर्मन टूल रूममधून शिकून आलेली पोरं आमच्याकडे आहेत. पत्रा कुठे ताणला जाईल ते त्यांना नुसतं ड्रॉइंग बघून कळतं. तरी मी छातीठोक सांगतो, आपण डिझाइन केलेली वस्तू प्रत्यक्षात केवढी आहे, हे आमच्यापैकी कुणालाच धड माहीत नव्हतं. सगळा दोष माउसच्या चाकाचा. चाक फिरवलं की दरवाजाची बिजागरी स्क्रीनभर होते आणि उलटं फिरवलं की आख्खी लाइन तळहातावर मावते. वर्षानुवर्षं असं केल्यावर मापं फक्त आकड्यात उरतात. हेडसेटमध्ये ते चाक नाही! जवळून बघायचंय? वाका. मागची बाजू बघायचीय? चालत जा.

आता मांडणीबद्दल, कारण खरी गंमत तिथेच सुरू झाली. खोलीच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत, डोक्याच्या वर, किंचित खाली झुकवलेली दोन बेस स्टेशनं बसवायची. मला वाटायचं ते कॅमेरे आहेत, ते आपल्याला बघतात. अजिबात नाही! ती आंधळी आहेत. व्हॉल्व्ह कंपनीची ही पद्धत, नाव लाइटहाउस, आणि काम अगदी नावासारखं. आतून अवरक्त लेझरची रेघ खोलीभर फिरत राहते, सेकंदाला कितीतरी वेळा. हेडसेटच्या अंगावर बारीक बारीक संवेदक असतात. रेघ कोणत्या संवेदकावरून नेमकी केव्हा गेली, या वेळेच्या फरकावरून हेडसेट स्वतःच हिशेब मांडतो: मी इथे आहे, इतका कललोय. हे वाचल्यावर मी रात्री बायकोला उठवून सांगितलं. तिनं "बरं" म्हटलं आणि कूस बदलली.

मग काचेनं आम्हाला नाचवलं. मॅनेजरसाहेबांच्या केबिनचं काचेचं पार्टिशन लेझर परतवायचं आणि समोरचं जग मधूनच थरथरायचं. पार्टिशनवर जुने पडदे टांगले, जग थांबलं. खिडकी मात्र कायमची झाकली, कारण हेडसेटच्या भिंगातून ऊन आत गेलं तर ते नेमकं आतल्या पडद्यावर एकवटतं आणि त्याला कायमचा डाग पाडतं. मराठवाड्याच्या उन्हात ही जोखीम कोण घेणार? मे महिन्यात हेडसेटच्या फोमला घाम लागतो तो वेगळाच. धुता येणारं कव्हर घ्याच, हा माझा सगळ्यांना सल्ला. एकानं काढलेला ओला हेडसेट दुसऱ्यानं घालायचा म्हणजे मैत्रीची परीक्षा आहे.

दोन डोळ्यांतलं अंतर जुळवायचं एक बटणही असतं. मोठ्या माणसांत ते सरासरी 63 मिलिमीटरच्या आसपास, पण माणसामाणसात फरक. ते जुळलं नाही तर डोकं दुखतं, शिवाय वस्तूंच्या मापाचा अंदाजही बिघडू शकतो. म्हणजे पट्टी कुठेतरी आपल्या कपाळातच ठोकलेली आहे म्हणायची!

या हेडसेटचा इतिहास शोधायला बसलो आणि खुर्चीतून उठलोच. आयव्हन सदरलँड या माणसानं 1963 मध्ये एमआयटीत पीएच.डी.साठी 'स्केचपॅड' केलं. प्रकाशलेखणीनं पडद्यावर रेषा काढायची, ती सरळ करायची, दुसरीला समांतर ठेवायची. आम्ही आज जे कॅड वापरून पोट भरतो त्याचा हा मूळपुरुष. आणि त्याच सदरलँडनं 1968 मध्ये डोक्यावर घालायचा त्रिमितीय पडदा जगापुढे मांडला. डोकं कुठे वळलं ते मोजणारा यांत्रिक दांडा छताला टांगलेला, आणि आत दिसायच्या उजेडाच्या रेघांनी काढलेल्या साध्या आकृत्या. पाच वर्षांच्या अंतरानं एकाच बापाला झालेली ही दोन भावंडं! थोरलं कॅड ऑफिसाऑफिसात कमावतं झालं आणि धाकटं पन्नास वर्षं प्रयोगशाळांत नाहीतर खेळांच्या दुकानात भटकत राहिलं. आमच्या गाळ्यात त्यांची भेट झाली, असं मी चहावर सगळ्यांना ऐकवत होतो. पोरांनी हात जोडले.

भेट सोपी नव्हती, हे खरं. कॅडमधला गोल हा गणिताचा गोल असतो, पण ग्राफिक्स कार्डाला फक्त त्रिकोण समजतात. गोलाचे तुकडे पाडावे लागतात. शिवाय चित्र दोनदा काढायचं, प्रत्येक डोळ्यासाठी वेगळं, सेकंदाला नव्वद वेळा. म्हणजे एका चित्राला जेमतेम 11 मिलिसेकंद. तेवढ्यात झालं नाही तर चित्र डोक्यामागे रेंगाळतं. डोळे म्हणतात एक, कानातलं तोलाचं इंद्रिय म्हणतं दुसरं, आणि पोटात ढवळायला लागतं. आमच्या पहिल्या फिक्स्चरचं मॉडेल उघडलं तेव्हा दोघं जण खिडकीकडे धावले, ती तर बंद केलेली! शोध घेतला तर निम्म्याहून अधिक त्रिकोण बोल्टांच्या आट्यांत आणि नटांवर कोरलेल्या अक्षरांत अडकलेले. आटे काढून तिथे गुळगुळीत दंडगोल ठेवले आणि मॉडेल पाखरासारखं हलकं झालं.

आणि मग आले मामा. वाळूजच्या एका टूलरूममध्ये फिटर म्हणून हयात घालवलेले, आता आमच्याकडे सल्ल्याला येणारे. स्क्रीनवर फिक्स्चर दाखवलं की ते नेहमी "चांगलंय" म्हणायचे. मला वाटायचं, त्यांना पसंत आहे. त्यांना हेडसेट घातला. आधी ते दोन मिनिटं नुसते उभे राहिले. मग उकिडवे बसले, मान वाकडी करून क्लॅम्पच्या खाली बघितलं, उजवा हात आत घातला आणि मनगट फिरवायला गेले. "सायेब, पाना घालू कुठून मी? मनगट वळंना इथं."

हे डिझाइन तीन इंजिनीअरांनी तपासलेलं! सॉफ्टवेअरनं भाग एकमेकांना कुठे घासतात तेही तपासलं होतं, आणि अहवाल हिरवा. पान्याला जागा होती, पाना धरलेल्या मुठीला नव्हती. मामांनी त्याच दमात आणखी दोन जागा दाखवल्या, वर "हा क्लॅम्प डावऱ्या माणसासाठी केलाय का?" असं विचारलं. उठताना त्यांनी आधारासाठी फिक्स्चरच्या टेबलावर हात टेकला. टेबल नव्हतंच! दोघांनी धरलं म्हणून बरं. त्या दिवसापासून हेडसेट घातलेल्या माणसामागे एक जण उभा राहिलाच पाहिजे, हा नियम झाला. स्टीलचा एक तुकडाही कापण्याआधी फिटर त्या वस्तूच्या आत हात घालून तक्रार करतोय, यापेक्षा मोठं सुख मला या धंद्यात ठाऊक नाही.

सुट्टीच्या दिवशी आम्ही चावटपणा केला. वेरूळचं कैलास लेणं आम्हा संभाजीनगरकरांना घरचंच. पाहुणे आले की त्यांना घेऊन जायचं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं, वरून खाली कोरलेलं. आम्ही नुसता दगडाचा ठोकळा केला, त्यावर उभे राहिलो आणि कंट्रोलरनं खाली कापत निघालो, सुमारे तीस मीटर. कडेवरून खाली बघितलं तर खरोखर पायाला मुंग्या आल्या. कार्पेटवर उभा आहे हे माहीत असून मी एक पाऊल मागे घेतलं. आणि लख्ख कळलं की त्या लोकांना झूम नव्हता. शिखर आधी, जोतं शेवटी, आणि सगळं पहिल्यापासून खऱ्या मापातच. इतकी वर्षं पाहुण्यांना "वरून खाली कोरलंय बरं का" असं मी पाठ केलेलं सांगायचो. आता पुढच्या पाहुण्यांना आधी आमच्या ऑफिसात आणणार, मग वेरूळला नेणार.

उणीव एकच, आणि ती मामांनीच सांगितली: वजन नाही. हातातला कंट्रोलर कुठलंही अवजार उचलताना तेवढाच हलका. स्पॉट वेल्डिंगची गन कारखान्यात स्प्रिंगच्या बॅलन्सरला टांगलेली असते, तरी शिफ्ट संपेपर्यंत खांदा भरून येतो. ते डिझाइन करणाऱ्याला कळणार कसं? म्हणून आता भंगारातून एक निकामी गन आणलीय. तिच्यावर छोटा ट्रॅकर बसवायचा, म्हणजे बेस स्टेशनच्या लेझरला तीही कळेल. आत दिसेल तीच गन हातात असेल, तेवढ्याच वजनाची. ती टांगायला स्लॅबला हुक हवा आणि गाळामालक भोक पाडू देईनात. उद्या सकाळी अकराला त्यांना बोलावलंय. मामा म्हणाले, "आधी त्यान्ला तो बोल्ट दाखवा, मोठा."