शिवारातला राखणदार

सुरत-भुसावळ रेल्वेने अमळनेर मागे पडले, की जळगावच्या अलीकडे धरणगाव लागते. बालकवींचे हे जन्मगाव. १८२५ साली जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारली, तिचे ठाणे इथेच होते. भिल्लांसोबत वाघाच्या शिकारी करून त्याने त्यांचा विश्वास मिळवला. आज इथे वाघ नाही. काळ्या जमिनीत कापूस, मका, ज्वारी उभी असते. शिकार मात्र संपलेली नाही. आता ती घोरपडीची आणि धामणीची होते.

पावसाळा सरला की आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन शिवारात फिरतो. एकदा बांधावर घोरपड दिसली आणि मुलांनी दगड उचलले. शेताचे मालक, एक वयस्कर चाचा, म्हणाले, "मारू द्या सर, कोंबडीची पिल्लं खाते ती." त्यांचा भिल्ल सालदार हळूच बोलला, "पिल्लं खाते, पण बिळातले उंदीरही तीच खाते." मुलांचे हात थांबले.

दोघांचेही खरे होते. घोरपड अंडी आणि पिल्ले पळवते. त्यावर उपाय म्हणजे खुराड्याला पक्की जाळी आणि संध्याकाळी बंद दार. उंदीर मात्र उभे पीकही खातो आणि कोठीतले धान्यही. धामण थेट त्याच्या बिळात शिरते. ती बिनविषारी आहे. गाईच्या पायांना विळखा घालून ती दूध पिते, ही निव्वळ दंतकथा. सापाच्या तोंडाची ठेवण दूध ओढून घेण्यासारखी नसतेच. तरी नाग समजून तिला ठेचतात. घोरपडीला चरबीसाठी, मांसासाठी मारतात. 'हत्था जोडी' नावाची जडीबुटी म्हणून जे विकले जाते, तो बहुतेकदा नर घोरपडीचा वाळवलेला अवयव असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीची शिकार हा गंभीर गुन्हा आहे.

मग सरपटणाऱ्या प्राण्यांची शिकार कुठेच योग्य नाही का? आहे. तैवानमध्ये हौसेने पाळायला आणलेले हिरवे इग्वाना मोकळे सुटले आणि भाजीपाल्याच्या शेतांवर तुटून पडले. तिथे त्यांना मारण्याची मोहीम चालते. अमेरिकेतल्या फ्लोरिडात असेच सुटलेले ब्रह्मी अजगर जंगलातली जनावरे फस्त करू लागले. २०१७ मध्ये त्यांच्या मागावर तामिळनाडूतल्या इरुळा जमातीचे मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल गेले. पहिल्या दोन आठवड्यांतच त्यांच्या पथकाने १३ अजगर पकडले. २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. तिथला अजगर बाहेरून आलेला आहे. आमची धामण आणि घोरपड मात्र इथल्याच मातीतली मखलूक आहेत.

बाहेरचा प्राणी आपल्याकडेही येऊ शकतो, तोही आपल्याच हाताने. मुलांच्या हट्टाखातर दुकानातून आणलेले लाल कानाचे छोटे कासव मूळचे अमेरिकेतले. मोठे झाले की लोक त्याला तलावात सोडतात आणि ते तिथल्या देशी कासवांची जागा बळकावते. आयाबहिणींनो, असे कासव घरी असेल तर पाण्यात सोडू नका, वनखात्याला विचारा.

घरात साप निघाला तर काठी शोधू नका. लांब उभे राहा, मुलांना आवरा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या सर्पमित्राला फोन करा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे विषारी सापही आपल्या भागात आहेत. दंश झालाच तर झाडफूक करण्यात वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठा.